दारापाशी लागलेला वेळ

मोकल मॅडमना लिफ्टची भीती वाटायची. कुत्र्यांची वाटायची, हायवे ओलांडायची वाटायची, न्हावा शेव्याकडे जाणारा कंटेनर शेजारून गेला तरी त्या पर्स छातीशी धरायच्या. अनोळखी नंबरवरून फोन आला की तो वाजून वाजून गप्प होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसायच्या. आमचं ऑफिस पनवेलला एसटी स्टँडजवळ, एका प्लायवूडच्या दुकानावरच्या खोलीत होतं. जिन्याला कठडा नव्हता. त्या भिंतीला हात लावून एकेक पायरी मोजत वर यायच्या. अठरा पायऱ्या होत्या आणि त्या रोज मोजायच्या. मी एकदा म्हटलं, "मॅडम, काल पण अठराच होत्या." त्या म्हणाल्या, "असू दे. उद्या सतरा झाल्या तर कळायला नको?"

आता त्या नाहीत. ज्यांच्याबद्दल पुढे सांगणार आहे त्या चांगुणाबाई आता लेकीकडे लांब कुठेतरी राहतात, म्हणून हे लिहायचं धाडस करतो आहे. तरी चांगुणाबाई हे त्यांचं खरं नाव नाही, आणि गावाचं नाव मी लिहिणार नाही. भित्रेपणा मॅडमकडून माझ्यात आला असं म्हणायला मला आवडलं असतं, पण तो माझा स्वतःचाच आहे.

मुंबईतल्या एका संस्थेसाठी आम्ही पाहणी करायचो. पनवेल-उरणच्या गावांमधली काही घरं ठरलेली होती. दर तीन वर्षांनी त्याच घरांत जायचं आणि तेच प्रश्न विचारायचे. बँकेत खातं आहे का, कोणाच्या नावावर, बँक घरापासून किती लांब, शेवटचं कधी गेलात. साध्या माणसाची बँकेपर्यंतची पोच वाढते आहे की घटते आहे, हे त्या उत्तरांवरून मुंबईत मोजलं जायचं. मी चाळिशीत या कामाला लागलो. आधीची कंपनी बंद पडली होती आणि करंजाड्यातल्या फ्लॅटचे हप्ते मात्र बंद पडायला तयार नव्हते. मॅडम तेव्हा पन्नाशी ओलांडून बऱ्याच पुढे गेलेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला काम शिकवलं ते असं: "सावंत, कोणाच्या घरात जाताना चपला उंबऱ्याबाहेर काढाल, तेव्हा त्यांची तोंडं रस्त्याकडे करून ठेवा. निघायची वेळ आली की पाय शोधत बसायला नको."

मला हसू आलं होतं. पुढे मी पण तशाच काढायला लागलो.

त्या इथल्याच. बाप मिठागरावर कामाला. ऑफिसात स्वच्छ पुस्तकी मराठी बोलायच्या आणि गावात पाऊल टाकलं की जीभ आपोआप पालटायची, हाय-नाय सुरू व्हायचं. माणसं मोकळी व्हायची ती त्यामुळेच. पण खरी युक्ती वेगळी होती. ओटीवर किंवा हॉलमध्ये घरातला पुरुष बसलेला असायचा आणि सगळी उत्तरं तोच द्यायचा. बायकोचं खातं आहे का? आहे. ती चालवते का? चालवते. बायको दाराआडून मान हलवायची. मॅडम ते मुकाट लिहून घ्यायच्या आणि मग पाणी मागायच्या. कोणी आणायला उठलं की म्हणायच्या, "बस गो, मीच घेतय." आणि सरळ आत स्वयंपाकघरात. तिथे तांब्यातलं पाणी पिता पिता त्या तेच प्रश्न पुन्हा विचारायच्या, आणि तिथली उत्तरं खरी असायची. हॉलमधल्या 'हो'चा स्वयंपाकघरात कितीदा तरी 'नाही' होताना मी पाहिला. एकदा मात्र उलट झालं. हॉलमधल्या 'नाही'चा आत 'हो' झाला. त्याच्याकडे येतो.

उत्तर खोडायचं नाही हा त्यांचा दुसरा नियम. फॉर्म पेनने भरायचा, पेन्सिल चालायची नाही. मी एकदा एका घरी आकडा गिरवून बदलला तर त्यांनी नवा फॉर्म काढून पहिल्यापासून भरायला लावला. "माणूस आपल्याशी खोटं बोलला तर ते खोटं त्याचं आहे," त्या म्हणाल्या. "आपण बदललं की ते आपलं झालं." इतक्या वर्षांत त्यांच्या एकाही फॉर्मवर खाडाखोड नव्हती. मुंबईचे साहेब प्रत्येक ट्रेनिंगमध्ये त्यांचे फॉर्म वर धरून दाखवायचे, तेव्हा त्या खाली मान घालून पर्सच्या चेनशी चाळा करत बसायच्या. त्यांना स्वतःचा अभिमान कशाचा होता असं कोणी विचारलं असतं तर तो एवढाच होता.

आणि स्टॉपवॉच. त्यांचे यजमान शाळेत पीटीचे सर होते. ते गेल्यावर त्यांचं स्टॉपवॉच मॅडमच्या गळ्यात आलं, काळ्या दोरीत, पदराखाली. पनवेलच्या बाजारात एका बँकेसमोर रसवंती आहे आणि तिच्या बाहेर एक बाकडं आहे. दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मॅडम तिथे बसायच्या. बँकेला काचेचं दार होतं. एखादी बाई, एखादा म्हातारा दारापर्यंत यायचा आणि तिथेच थांबायचा. कागद चाचपायचा, आत डोकावायचा, बाजूला होऊन दुसऱ्यांना जाऊ द्यायचा. तो आला की मॅडम पदराखाली बटण दाबायच्या आणि त्याने दार ढकललं की पुन्हा दाबायच्या. मग एका दोनशे पानी वहीत लिहायच्या. नाव माहीत असेल तर नाव, नसेल तर 'छत्रीवाले आजोबा'. पुढे मिनिटं. काहींच्या पुढे 'परत फिरले' एवढंच.

हे कशासाठी, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. आम्ही रिक्षातून जात होतो आणि बाहेर भराव घातलेली मिठागरं होती. त्या दहा वर्षांच्या असताना बाप त्यांना घेऊन बँकेत गेला होता. मुलीला शाळेत वाचता येतं म्हणून बरोबर नेलेली. बापाचे पाय मिठाने फाटलेले, त्यातून रक्त यायचं. बँकेची फरशी नुकतीच पुसलेली होती. बाप दारात उभा राहिला तो बँक बंद होईपर्यंत उभाच राहिला, आणि मग दोघं चालत घरी आले. "कोणी अडवलं नव्हतं हो," मॅडम म्हणाल्या. "कोणी एक शब्द बोललं नाही. आता आपल्या फॉर्ममध्ये माझ्या बापाचं उत्तर काय आलं असतं? बँक किती लांब? वीस मिनिटं चालत. म्हणजे पोच उत्तम."

मुंबईच्या साहेबांना त्यांनी एकदा ती वही दाखवली. साहेब सज्जन होते, कौतुक केलं, आणि फॉर्ममध्ये यासाठी रकाना नाही म्हणाले. मॅडमनी वही पर्समध्ये ठेवली. पुढच्या बुधवारी त्या पुन्हा बाकड्यावर होत्या.

आता चांगुणाबाई. गावात त्यांचं घर तीन मजली, जमिनीच्या मोबदल्यातून बांधलेलं, खाली संगमरवर आणि हॉलमध्ये पितळी कड्यांचा झोपाळा. मुलगा दीपक. त्याचे ट्रेलर बंदरावर चालायचे. चांगुणाबाईंचं डावं मनगट वाकडं जुळलेलं होतं. गळ्यातली माळ लेकीला दिली म्हणून दीपकने ते पिरगाळलं होतं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. लेक नवऱ्यामागे एकटी, तिला या घरात यायची बंदी.

आधीच्या फेरीत आम्ही गेलो तेव्हा दीपकने हॉलमध्ये सांगितलं, आईचं खातं नाही, तिला कशाला लागतंय. मॅडम पाणी प्यायला आत गेल्या. आत चांगुणाबाईंनी चूल फुंकल्यासारख्या आवाजात सांगितलं की खातं आहे. भावाने माहेरच्या जमिनीच्या पैशातला त्यांचा वाटा गुपचूप त्यांच्या नावावर ठेवला होता. खातं पनवेलच्या त्या काचेच्या दाराच्या बँकेत होतं. गावात शाखा होती, घरापासून दहा मिनिटांवर. मॅडमनी विचारलं, मग एवढ्या लांब का?

"जवलची कशी चालंल, बाय," चांगुणाबाई म्हणाल्या. "तिथला शिपाय दीपकचा दोस्त हाय. उद्या मना घराबायेर काढली तर एक खोली भाड्यानी घ्यायला माज्याकडं काय हाय? एवडाच हाय."

मॅडमनी ते खरं उत्तर फॉर्मवर लिहिलं. खातं: हो. शाखा: पनवेल. कारण त्यांचा नियमच तो होता, आणि त्यांचा असा समज होता की फॉर्म मुंबईला गेला की नाव गळून पडतं आणि आकडा तेवढा उरतो. आयुष्यभर मोजणाऱ्या माणसाचा हा समज होता, आणि तो मला आजही वेडगळ वाटत नाही.

चांगुणाबाई दर बुधवारी सुकट विकायला पनवेलला यायच्या. वहीत त्यांचं पान होतं. पहिल्यांदा: एकवीस मिनिटं, परत फिरल्या. मग चौदा, आत गेल्या. मग नऊ. मॅडम त्यांच्याशी कधी बोलायच्या नाहीत, दार उघडून द्यायच्या नाहीत. नुसत्या समोर बसायच्या. कोणीतरी बसलं आहे हे चांगुणाबाईंना माहीत असायचं. पुढची फेरी जवळ आली तेव्हा पानावर शेवटचा आकडा चार मिनिटांचा होता. त्या दिवशी मॅडमनी मला उसाचा रस पाजला. एरवी त्यांना बाहेरच्या बर्फाचीही भीती वाटायची.

त्या फेरीला टॅबलेट आले. कागदी फॉर्म गेले. मला भारी आनंद झाला होता, पाठीवरचं ओझं कमी झालं होतं. टॅबलेटची खुबी अशी की गेल्या वेळचं उत्तर आधीच पडद्यावर यायचं, आपण ते वाचून दाखवायचं आणि अजून तसंच आहे का एवढं विचारायचं. त्यामुळे चुका कमी होतात, असं ट्रेनिंगमध्ये सांगितलं. मॅडमनी हात वर केला. "हे मोठ्याने वाचायलाच हवं का?" ट्रेनर म्हणाला, जसंच्या तसं. मॅडमनी हात खाली घेतला. का विचारता, असं कोणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. बाहेर आल्यावर त्या मला एवढंच म्हणाल्या, "त्या घरी मी वाचीन. तुम्ही टॅबलेट बंद ठेवा."

मी हो म्हटलं. मग विसरलो. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही.

त्या घरी गेलो तेव्हा दीपक झोपाळ्यावर होता. कड्या करकरत होत्या. मॅडमनी नेहमीसारखं पाणी मागितलं आणि आत गेल्या. त्या दिवशी अजून चार घरं बाकी होती, ऊन चढलं होतं. वेळ वाचावा म्हणून मी टॅबलेट उघडला आणि वाचायला लागलो. घरात माणसं किती, नळ आहे का, वाहन आहे का. दीपक मजेत उत्तरं देत होता. आणि त्याच सुरात मी वाचलं, "गेल्या वेळच्या माहितीनुसार चांगुणाबाई यांचे पनवेल येथील शाखेत स्वतंत्र बचत खाते आहे. ते अद्याप चालू आहे का?"

झोपाळ्याची करकर थांबली.

"परत वाच," दीपक म्हणाला.

मी परत वाचलं. समोरच्याने पुन्हा विचारलं तर प्रश्न जसाच्या तसा पुन्हा वाचायचा, असं शिकवलं होतं. मी ते केलं, याची लाज मला मरेपर्यंत पुरणार आहे.

तो उठला. बांधा मोठा नव्हता त्याचा, पण मी टॅबलेट छातीशी धरला. आतून मॅडम आल्या. हातात पाण्याचा पेला तसाच. त्यांच्या मागे चांगुणाबाई, आणि त्यांनी पदर डाव्या मनगटावर ओढून घेतलेला.

"आये," दीपक म्हणाला, "तुजा खाता हाय पनवेलला?"

मॅडमनी पेला टीपॉयवर ठेवला, माझ्या हातातला टॅबलेट घेतला, लांब धरून वाचला आणि कपाळावर हात मारला.

"अरे बाला, ही चूक माजी हाय. ही शाखा माजी हाय, हा खाता माजाच. गेल्या टायमाला फॉरम भरताना ध्यान नव्हता, सवयीनी माजाच लिवून ठेवला." त्यांनी पर्समधून स्वतःचं पासबुक काढून त्याच्यापुढे धरलं. त्याच शाखेचं होतं ते. "बघ. तुज्या आयशीला सही तरी येते का रे?"

मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. तो हात हलत नव्हता. कुत्र्याच्या भुंकण्याने दचकणारी बाई त्या माणसासमोर हात सरळ धरून उभी होती.

दीपकने पासबुक उलटसुलट केलं. मग आईकडे बघितलं, बराच वेळ. "मना कोन देतंय खाता," चांगुणाबाई शेवटी म्हणाल्या.

"मग लिवून द्या," तो मॅडमना म्हणाला. "खोटा लिवला म्हणून. सही करा. तुमच्या मुंबईच्या साहेबाला पाठवतो."

आणि मॅडमनी लिहून दिलं. माझ्या वहीतलं पान फाडून, पेनने, सुवाच्य अक्षरात. मागील फेरीत या घराची नोंद मी चुकीची केली. खाली सही. त्याने त्याचा फोटो काढला आणि आमच्या ओळखपत्रावरच्या नंबरवर तिथल्या तिथे पाठवला.

बाहेर चपला रस्त्याकडे तोंड करून होत्या. आम्ही त्या घालून फाट्यापर्यंत चालत आलो. तिथे मॅडम म्हणाल्या, "सावंत, मला जरा धरा." मी त्यांना दगडावर बसवलं. मी माफी मागायला लागलो तर त्यांनी हाताने थांबवलं.

"तो विश्वास ठेवेल का मॅडम?"

"आज ठेवला. उद्याचं माहीत नाही." मग पदराने कपाळ पुसत, "मुंबईला काही सांगायचं नाही. सांगितलं की ते लिहितील. लिहिलं की कोणीतरी पुन्हा वाचेल."

"मग तुमचं काय?"

"तुम्ही फक्त गप्प राहायचं," त्या म्हणाल्या. "ते तुम्हाला जमेल." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मुंबईहून दोघं जण चौकशीला आले. मॅडमनी चूक कबूल केली. एक नोंद खोटी तर बाकीच्या खऱ्या कशावरून, असं त्यांनी विचारलं, आणि विचारणं रास्तच होतं. मॅडम खाली मान घालून पर्सच्या चेनशी चाळा करत बसल्या. मला विचारलं, तुम्ही त्यांच्याबरोबर होतात, तुम्हाला काय माहीत आहे? मी म्हटलं, मला काही माहीत नाही. मॅडमनी सांगितलं म्हणून मी गप्प राहिलो, असं मी स्वतःला सांगतो. पण खरं म्हणजे मला नोकरी जाण्याची भीती वाटत होती, आणि मॅडमनी सांगितलं नसतं तरी मी बहुधा तेच म्हटलं असतं. चांगुणाबाईंच्या नावापुढे 'खाते नाही' असं झालं. मॅडमची जुनी सगळी घरं संशयित म्हणून बाजूला काढली. त्यांना घरी बसायला सांगितलं. शेवटच्या दिवशी त्या भिंतीला हात लावून जिना उतरल्या आणि खाली जाऊन वर बघून म्हणाल्या, "अठरा." मी वर उभा होतो.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. मधे दोनेक महिने गेले असतील. बुधवार होता आणि मी बाजारात टॅबलेटचा चार्जर घ्यायला गेलो होतो. रसवंतीबाहेरच्या बाकड्यावर मॅडम बसल्या होत्या. पदराखाली हात. मला इतका आनंद झाला की मी हाक मारायला तोंड उघडलं, आणि मग मला काचेच्या दारापाशी चांगुणाबाई दिसल्या. सुकटीची पाटी पायाशी ठेवून त्या उभ्या होत्या. जवळच्या स्टँडवर त्यांच्या गावच्या दोन रिक्षा होत्या आणि एक रिक्षावाला बाहेर उभा राहून फोनवर बोलत होता.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. ओळखीची एक रेघ चेहऱ्यावर उमटली नाही. डोळे माझ्यावरून सरकून पुढे गेले, जसे रस्त्यावरच्या कोणाही माणसावरून जातात. मला कळलं. त्या शाखेत मॅडमचं खातं होतं, त्यांच्या बसण्याला निमित्त होतं. दीपकच्या हॉलमध्ये बसलेला टॅबलेटवाला माणूस मी होतो, गावातल्या कोणीही मला तिथे पाहिलेलं असू शकत होतं. मी वळलो आणि रसवंतीत शिरून भिंतीकडच्या खुर्चीवर बसलो. भिंतीवरच्या आरशात बँकेचं दार दिसत होतं. एक ग्लास रस प्यालो, मग दुसरा घेतला. मोबाइल समोर ठेवला होता, त्यावर घड्याळ होतं.

चांगुणाबाई हलत नव्हत्या. एकदा त्यांनी दाराला हात लावला आणि पोळल्यासारखा मागे घेतला. एकदा पाटी उचलून चार पावलं स्टँडकडे गेल्या. मला वाटलं, गेल्या. मॅडम जागच्या हलल्या नाहीत, उठल्या नाहीत, खूण केली नाही. मग चांगुणाबाई परत आल्या. शेवटी रिक्षावाला भाडं घेऊन निघून गेला, आणि त्यांनी वाकड्या मनगटाच्या हाताने दार ढकललं.

मॅडमनी बटण दाबलं, घड्याळ वर काढून बघितलं आणि वहीत लिहिलं. त्या निघाल्या नाहीत. चांगुणाबाई बाहेर येईपर्यंत त्या तिथेच बसणार होत्या. बाकड्याखाली काढलेल्या त्यांच्या चपलांची तोंडं रस्त्याकडे होती. मी पैसे देऊन त्यांच्या पाठीमागून, हातभर अंतरावरून, परका होऊन निघून गेलो.

त्यांनी वहीत काय लिहिलं ते मला बघायची गरज नव्हती. मी आलो तेव्हापासूनची सव्वीस मिनिटं माझ्या मोबाइलवर झाली होती. त्यातली चार चांगुणाबाईंची होती, वहीतल्या त्यांच्या शेवटच्या आकड्याएवढी. बाकीची बावीस माझी.